प्लगचा रंग

अड्याळ
२० नोव्हेंबर २०२३

राखीबाईस कैलाशदादाचा आशीर्वाद,

एसटीच्या पार्सलनं एक खोकं येईन. जड आहे, कोणाले तरी उचलाले सांगजो. आत सिलिंडर आहे, आपल्या तृप्तीच्या आरएक्स गाडीचं. पुसून, कागदात गुंडाळून देलं आहे, तरी हाताले तेल लागन.

माय गेली तेव्हा तू तेरवीले आली होती. तू सांगत होती का कॉलेजात पोरायकडून हवा मोजाचं यंत्र बनवून घेतलं. तेव्हा मी लक्ष देलं नाही. आता काम पडलं.

तुले फिजिक्स येते पण गाडी येत नाही, म्हणून सांगतो. या सिलिंडरच्या भिंतीत दोन वाटा आहेत, एक डावी, एक उजवी. खालून पेट्रोल मिसळलेली हवा ह्याच वाटांनी वर येते. दोन्हीकडून सारखी आली त मधात भेटते, वर चढते अन् जळलेला धूर बाहेर ढकलते. एकीकडून जास्त आली त ताजी हवाच धुरासंगं सायलेन्सरमधून पळून जाते. मी कानशीनं घासून ह्या वाटा मोठ्या केल्या. आता गाडी सुरुवातीले बाणासारखी निघते, मधात बी चांगली, अन् शेवटच्या टप्प्यात पडते. हवा कमी पडून राहिली असन. कोणत्या वाटेतून किती जाते ते मले मोजून पाहिजे.

मागच्या रविवारी रेस होती, धान कापलेल्या बांध्यायमध्ये. भय्याजी, तोच रेस भरवणारा, सगळ्यायसमोर म्हणे, कैलाश, पोरीच्या गाडीले शेवटी धक्का माराले दोन माणसं उभी करू काय. लोकं हसले. तृप्ती बी हसली. मी बी हसलो.

फोन नको करू, गॅरेजात कल्ला असते. मोबाइलवर बी नको लिहू. मोबाइल तृप्तीच्या हातात राहते, अन् बापाले दुसऱ्याले विचारा लागून राहिलं हे तिले माहीत नको पडाले. खोक्यातच चिठ्ठी टाकजो.

तृप्तीची माय, गोदावरी असती त पोरीले गाडीवर बसूच देलं नसतं. मी देलं. म्हणून गाडी चांगली देणं माझ्यावर येते.

तुझा,
कैलाशदादा


अमरावती
३ डिसेंबर २०२३

प्रिय कैलाशदादा,

नमस्कार. खोकं पोचलं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर सिलिंडर ठेवलं तेव्हा मुलांनी त्याच्याभोवती अशी गर्दी केली की मला हसू आलं. एरवी प्रात्यक्षिकाला हजेरीसाठी ओरडावं लागतं.

आमचं यंत्र फार साधं आहे. प्लायवूडची एक बंद पेटी, तिच्या मागे घर झाडायच्या दोन जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी. त्या पेटीतली हवा ओढतात आणि पेटी ती हवा तुझ्या सिलिंडरमधून ओढते. एका उभ्या नळीत रंगीत पाणी आहे. ते एकाच रेघेवर राहील इतकीच ओढ ठेवायची. मग दुसऱ्या तिरप्या नळीत पाणी किती सरकतं त्यावरून वाटेतून किती हवा गेली ते कळतं.

डावी वाट उजवीपेक्षा बरीच कमी हवा घेते. शंका नको म्हणून मी पुन्हा पुन्हा मोजलं, सिलिंडर फिरवून मोजलं, मोटारी गार होऊ देऊन मोजलं. काडीला सुती दोरा बांधून आत धरला, तर तो मध्ये उभा न राहता डावीकडे लोटला जातो, म्हणजे उजवीकडचा झोत त्याला ढकलतो. डाव्या वाटेच्या तोंडाशी मी शाडूचं एक गोल कडं लावून पाहिलं आणि हवा लगेच वाढली. तिथली धार तू गोल करायला हवीस. जागा पेन्सिलीनं दाखवली आहे.

दोन गोष्टी मात्र मनात ठेव. माझं यंत्र एकसारखं ओढतं, तुझं इंजिन घोट घोट पितं. त्यामुळे इथे चांगलं ठरलेलं तिथे चांगलं ठरेलच असं मी म्हणू शकत नाही. आणि हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागणार. त्यातलं मला काहीच मोजता येत नाही.

एक विचारू? तू आवाजावर काम करणारा माणूस. सुट्टीत मामाकडे आले की बघायचे, तू घरात जेवत असायचास आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या पिस्टनचं दुखणं ताटावरून सांगायचास. तुला आकडा कशाला हवा, हे मला नीट कळलं नाही. विचारलं म्हणून रागावू नकोस.

तुझी,
राखी


अड्याळ
२४ डिसेंबर २०२३

राखीबाई,

तू पेन्सिल मारली तिथं घासलं. हात ठेवला त बोट आपोआप आत जाते, अशी गोलाई आली. गाडी आता मधात अशी ओढते का मागच्या चाकाची माती माझ्या तोंडावर येते. पण शेवटी पडतेच. थोडी आधीच पडते म्हण ना.

तू विचारलं आकडा कायले पाहिजे. जमाना आकड्याचा आहे बाई. नागपूरची पोरं येतात, पहिले विचारतात, काका, मोजलं काय. आवाज म्हटलं का हसतात.

पेट्रोलचं तू लिहिलं ते बरोबर, पण ते मी पाहतो. त्याले यंत्र लागत नाही. गाडी थांबली का प्लग काढाचा अन् रंग पाहाचा. पांढरा असला त पेट्रोल कमी, इंजिन तापून राहिलं. काळा असला त पेट्रोल जास्त. तांबूस असला त बरोबर. तृप्ती आली का गाडी बंद करून मी लगेच प्लग काढतो. दर वेळी तांबूस, विटेसारखा. म्हणजे पेट्रोल बरोबर आहे. मग उरली काय, हवाच.

आता तृप्तीले बी तयार करून राहिलो. गाडी चालू असली का मी टाकीवर हात ठेवतो अन् तिले विचारतो, सांग, आवाज कसा आहे. तिचे कान तयार झाले पाहिजेत म्हणून. मी किती दिवस पुरणार. ती म्हणते मस्त आहे.

सिलिंडर परत पाठवतो. अजून कुठून हवा काढता येईन ते पाहजो. भय्याजीनं मागच्या रेसले नवीन काढलं. माझ्या तोंडासमोर येऊन म्हणे, कैलाश, गाडी थकते का पोरगी. मी म्हटलं, दोन्ही माझ्याच आहेत, थकत नाहीत.

दादा


अमरावती
१४ जानेवारी २०२४

प्रिय दादा,

तिळगूळ खोक्यात आहे, सिलिंडरपासून वेगळ्या डब्यात. तेलाचा वास लागला असेल तर तो तुझा दोष.

सिलिंडर मोजलं. दोन्ही वाटा आता इतक्या सारख्या आहेत की दोरा मधोमध ताठ उभा राहतो. मागच्या भिंतीचा कोन थोडा बदलला तर अजून हवा मिळते, तीही जागा दाखवली आहे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. नळीतलं पाणी पूर्वी कधी गेलं नव्हतं तिथपर्यंत गेलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षानुवर्षं तेच ते प्रयोग शिकवताना असं होत नाही.

पण घरी आल्यावर माझं मन खात राहिलं. दोनदा हवा वाढवली, आधी तू आणि मग मी सांगितल्यावर, आणि गाडी दोन्ही वेळा शेवटी जास्तच पडली, असं तू लिहितोस. हवा कमी असण्याचं ते लक्षण कसं असेल? मला त्या गाडीची माहिती नाही हे कबूल, पण एखादी गोष्ट वाढवल्यावर दुखणं वाढत असेल तर ती गोष्ट औषध नसावी, एवढं तरी मला कळायला हवं. तरीही मी पुढची जागा पेन्सिलीनं दाखवलीच आहे. पाणी आणखी वर जावं असं मलाच वाटत होतं का, याचा विचार करते आहे.

गाडीवर तू बसत नाहीस, मी बसत नाही. तृप्तीलाच विचार ना, शेवटच्या टप्प्यात नेमकं काय होतं?

राखी


अड्याळ
३० जानेवारी २०२४

राखी आत्या,

हे पत्र बाबांनी बांधलेल्या खोक्यात, खालच्या कागदाच्या घडीत ठेवते आहे. पार्सल स्टँडवर मीच नेते आणि मीच आणते, हे बाबांच्या लक्षात आलं नाही. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. माफ करा.

बाबांना ऐकू येत नाही. एक कान आधीच गेला होता, दुसरा मागच्या पावसाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं उघड्या सायलेन्सरजवळ बसल्यावर हेच होणार. कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून इंजिनाचा आवाज टिनावर खडे पडल्यासारखा येतो म्हणून त्यांनी ते डबीत ठेवलं. ते ओठ बघून बोलणं ओळखतात. त्यांना वाटतं गावात कोणाला माहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे. भय्याजी काका टोमणा मारताना मुद्दाम त्यांच्या तोंडासमोर येतात, तो बाबांना कळावा म्हणून.

आत्या, गाडी शेवटी पडत नाही. मी पाडते.

या सिलिंडरमुळे वरच्या वेगात इंजिनाचा आवाज पातळ होतो आणि त्यात काच वाजल्यासारखी किणकिण येते. मी शाळेत असताना बाबांनीच शिकवलं होतं, हा आवाज आला का पेट्रोल कमी पडून राहिलं, पिस्टन तापून राहिला, मूठ सोड. म्हणून मी एक्सिलेटरची मूठ सोडते. थोडीच. लांबून कोणाला कळत नाही.

पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं होतं की आवाज बरोबर नाही. ते टाकीवर हात ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, 'तुले तसं वाटलं असन.' त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'आता कसा आहे?' मी म्हटलं, एकदम मस्त. तेव्हापासून मस्तच आहे.

प्लग तांबूस येतो कारण मी मूठ पूर्ण उघडत नाही. त्या थोड्या उघडलेल्या मुठीला पेट्रोल पुरतं. बाबा प्लग बघतात आणि समजतात पेट्रोल बरोबर आहे, हवा कमी आहे. तुम्ही हवा वाढवता. मग किणकिण आणखी लवकर येते आणि मला मूठ आणखी आधी सोडावी लागते.

तुम्ही आकडे थोडे वाईट लिहाल का? म्हणजे ते थांबतील. आणि हे त्यांना सांगू नका. तुमचं खोकं आलं की ते अंघोळ करून, केस विंचरून ते उघडतात. आईनंतर मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

तुमची,
तृप्ती


अमरावती
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय तृप्ती,

हे पवनीला, तू नोकरी करतेस त्या पतसंस्थेच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे दादाच्या हाती पडणार नाही.

तुझं पत्र वाचून मी मोटारी बंद केल्या आणि मुलांना घरी पाठवलं. मी मोजलं ते सगळं खरं होतं, आणि त्या खऱ्या आकड्यांनी तुला दर वेळी थोडं थोडं धोक्याकडे ढकललं. हे कुठे मांडायचं, मला कळत नाही.

वाईट आकडे मी लिहिणार नाही. ते माझ्याच्यानं होणार नाही. शिवाय दादा सिलिंडरला बोटानं ओळखतो, त्याला ते पटणारही नाही. हवा आता पुरे, कार्बोरेटरमधला मुख्य जेट दोन नंबर मोठा घाल म्हणजे पेट्रोल वाढेल, आणि प्लगच्या रंगावर जाऊ नकोस, असं त्याला लिहिते आहे. कारण लिहीत नाही. तू सांगू नका म्हणालीस म्हणून.

हे बरोबर करते आहे असं मला वाटत नाही. कारण न देता सांगितलेली गोष्ट तुझ्या बापासारखा कारागीर का ऐकेल? त्याला दुःख होईल म्हणून तू गप्प, तू विनवलंस म्हणून मी गप्प. तूच सांग त्याला. मी जवळ हवी असेन तर येते.

तोवर मूठ सोडत राहा. गोंधळ त्याच मुठीतून सुरू झाला. तरी सोडत राहा.

आत्या


अड्याळ
२८ फेब्रुवारी २०२४

राखीबाई,

तू म्हटलं तसं जेट मोठं टाकलं. मोठ्या बहिणीसारखं सांगतलं तू, म्हणून टाकलं. गाडी धुवा सोडत गेली अन् धुवा सोडत आली. प्लग काढला त काळा, काजळीसारखा. शेवटी आधीपेक्षा बी हळू. मग जुनंच जेट टाकलं. प्लग पुन्हा तांबूस.

तू लिहिलं प्लगवर जाऊ नको. काहून नको जाऊ, ते लिहिलं नाही. बाई, प्लग इंजिनात बसून येते, आग पाहून येते, तो कोणाची भीड धरत नाही. त्याच्यावर नाही जाऊ त कोणावर जाऊ?

तुझ्यावर रागावलो नाही. तू शिकलेली आहे, सावध राहतेस, ते चांगलं आहे. मागच्या भिंतीचं तू दाखवलं होतं ते घासून टाकलं. आता सिलिंडर पाठवत नाही, रेसले पाहिजे.

एक सांगाचं होतं. गॅरेज देऊन टाकतो. टायरवाला मागून राहिला. आता हे काम माझ्याकडून नीट होत नाही, असं समज. एप्रिलमध्ये सानगडीकडे तलावाच्या सुकलेल्या पेटात भय्याजी मोठी रेस भरवून राहिला. ती माझी शेवटची. तृप्तीले सांगतलं का एकदा गाडी शेवटपर्यंत न पडता गेलेली पाहिली का मी पाने-पकड धुऊन ठेवतो. डोळ्यात पाणी आलं तिच्या. पोरीची जात, बापाचं दुकान बंद होते म्हणून आलं असन.

दादा


अमरावती
१२ मार्च २०२४

तृप्ती,

रेसच्या आधी त्याला सांग. तू सांगितलं नाहीस तर मी अड्याळला येऊन सांगेन. वचन मोडेल, मोडू दे.

आत्या


पवनी
२ एप्रिल २०२४

आत्या,

रेस झाली की त्याच दिवशी सांगते. शपथ. त्याआधी नको. बाबांनी नवा शर्ट शिवायला टाकला आहे. तुम्ही आता येऊ नका.

तृप्ती


अड्याळ
१२ मे २०२४

राखीबाई,

रेसच्या दिवशी तुझा फोन भय्याजीनं घेतला होता, त्यानं तुले सांगतलं असन. तू भंडाऱ्याच्या दवाखान्यात येऊन गेली तेव्हा मी बाहेर झाडाखाली होतो. तू दिसली. समोर येणं झालं नाही.

तृप्ती घरी आली. गळ्याजवळचं हाड जुळून राहिलं. उजव्या हातावर गाडी पडली होती, ती मूठ वळत नाही. वळन, म्हणतात.

तुले त्या दिवशीचं सांगतो, कारण दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही. मी दोरीच्या आत उभा होतो, शेवटच्या खुंटीजवळ, भय्याजीच्या बाजूले. तलावाचं पेट तडकलेलं, त्याच्यावरून रोलर फिरवून वाट केली होती. ती निघाली. मधात पुढं आली. शेवटचा टप्पा आला, अन् पहिल्यांदा गाडी पडली नाही. अंग टाकीले चिकटलेलं, डोकं खाली, चाललीच. मी हात वर केला. बाई, मी हसत होतो. बाजूले पाहिलं त भय्याजीचं तोंड पांढरं पडलेलं. पलीकडच्या बायकायनं तोंडावर पदर धरला होता. त्यायले आवाज आला होता. इंजिन ओरडून राहिलं होतं म्हणे. मले मागचं चाक जागच्या जागी थांबलेलं दिसलं तेव्हा कळलं. पूर्ण तलावात मी एकटाच हसत होतो.

माझे कान गेले आहेत. तुले मी सांगतलं नव्हतं. आता सांगतो.

इंजिन मी खोललं. पिस्टनची धूर जाते तिकडची कड वितळून सिलिंडरले चिकटली आहे. पेट्रोल कमी होतं, दुसरं काही नाही. ज्या गाडीचा प्लग तांबूस होता तिचा पिस्टन असा वितळत नाही. अन् प्लग मी माझ्या हातानं काढत होतो.

तृप्तीले विचारलं. ती भिंतीकडे तोंड करते. भिंतीकडे तोंड केलं का मले काही कळत नाही, तिले माहीत आहे.

तू लिहिलं होतं प्लगवर जाऊ नको. तुले माहीत होतं काय? हो का नाही तेवढं लिही. यंत्राचं नको सांगू.

कैलाश


अमरावती
२० मे २०२४

दादा,

हो.

तृप्ती शेवटच्या टप्प्यात मूठ सोडत होती. तिला इंजिनाचा आवाज कळत होता, तू शिकवला होतास म्हणून. तुला ऐकू येत नाही हे तुझ्यासमोर यायला नको म्हणून ती आवाज मस्त आहे म्हणायची. प्लग तांबूस यायचा तो त्या सोडलेल्या मुठीमुळे. मोठ्या जेटनं प्लग काळा आला तोही त्यामुळेच. त्या दिवशी तिनं मूठ सोडली नाही, कारण तुला एकदा शेवटपर्यंत बघायचं होतं.

हे मला फेब्रुवारीच्या सुरुवातीला कळलं. मी कारण न देता जेट मोठा घाल म्हणून लिहिलं आणि आपण काहीतरी केलं असं समजले. मार्चमध्ये अड्याळला येते म्हणाले. तिनं येऊ नका लिहिलं आणि मी आले नाही. तिकीट काढलं होतं, हे सांगून माझं काही हलकं होत नाही. परीक्षा चालू होत्या हेही खरं होतं. खऱ्या गोष्टींच्या आड मी किती सहज उभी राहते, हे रोज स्वतःला विचारते आहे.

क्षमा कर असं लिहिण्याचा मला हक्क वाटत नाही. तृप्तीवर रागावू नकोस, एवढंच मागते.

राखी


अड्याळ
१५ जुलै २०२४

राखीबाई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण तुझा राग होता. पोरीचा बी होता. पाऊस आला, धानाची रोवणी लागली, गॅरेजात टायरवाल्यानं त्याचं सामान लावलं, मी घरी बसलो. बसून बसून राग पुरला नाही.

एक गोष्ट तुले माहीत नाही, तृप्तीले बी नव्हती. मूठ सोडली का माणसाचं मनगट वर येते. कान गेले पण डोळे शाबूत आहेत माझे. डिसेंबरच्या रेसमध्येच मले तिचं मनगट दिसलं होतं. त्याच्यानंतर दर वेळी दिसलं. तेव्हाच विचारलं असतं, तृप्ती, मूठ काहून सोडतेस, त तिनं सांगतलं असतं, आवाज खराब आहे. मग मले म्हणा लागलं असतं, मले आला नाही. ते मले म्हणाचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, हवा कमी आहे. तुले पुन्हा खोकं पाठवलं. तू मोजत राहिली, मी घासत राहिलो, अन् पोरगी त्या गाडीवर बसत राहिली.

म्हणून तुझ्यावर रागावाचं मले काही कारण नाही. तू फेब्रुवारीत गप्प राहिली, मी डिसेंबरपासून होतो.

हे मी तृप्तीले कालपर्यंत सांगतलं नव्हतं. सांगाले तोंड पाहिजे ना.

डॉक्टरनं तिले रबरी चेंडू देला आहे. सकाळी ओसरीवर बसून ती उजव्या हातानं तो दाबते अन् तोंडानं मोजते. मी समोर बसतो अन् ओठ पाहतो. काल मधातच ती थांबली. मी विचारलं, 'दुखते काय?' तिनं मान हलवली, नाही म्हणून. लगेच पुन्हा दाबाले लागली. मी चेंडू तिच्या हातातून घेतला. मनगटाचं तिले सगळं सांगतलं, जसं तुले लिहिलं तसं. मग मी पुन्हा विचारलं, 'आता खरं सांग. दुखते काय?'

ती भिंतीकडे नाही वळली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट उघडून म्हणाली, 'हो बाबा. खूप दुखते.'

मग आम्ही तो चेंडू बाजूले ठेवला.

तुझा,
कैलाशदादा